पतमाहिती व ऋणनोंदी, खानदेशातील

कर्ज मागणाऱ्या व्यक्तीची पूर्वीची कर्जे, त्यांची परतफेड, थकबाकी, तिने इतरांसाठी दिलेली जामीनकी आणि तिची एकूण ऐपत यांविषयी संकलित केलेल्या व धनकोस निर्णयासाठी उपलब्ध होणाऱ्या माहितीस पतमाहिती म्हणतात. आधुनिक काळात ही माहिती गोळा करून विकणाऱ्या स्वतंत्र कंपन्या अस्तित्वात आल्या असल्या, तरी पतमाहितीची गरज कर्जव्यवहाराइतकीच जुनी आहे. धनको व ऋणको एकाच गावात राहत असताना ती सावकाराच्या वहीत व गावाच्या तोंडी असे; पुढे ती न्यायालयाच्या दप्तरात, सहकारी संस्थेच्या नोंदवहीत आणि अखेर संगणकीय पतअहवालात आली. नोंद कोणाच्या हाती आहे, ती ऋणकोस पाहता येते काय आणि चुकीची असल्यास दुरुस्त करून घेता येते काय, हे प्रश्न या सर्व अवस्थांत समान आहेत. खानदेशाचा गेल्या दोनशे वर्षांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

येथे खानदेश या संज्ञेने सध्याचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे अभिप्रेत आहेत. १८१८ मध्ये पेशवाईच्या अस्तानंतर हा प्रदेश ब्रिटिश अंमलाखाली आला व धुळे हे त्याचे प्रशासकीय केंद्र झाले. १९०६ मध्ये त्याची पूर्व खानदेश (मुख्य ठिकाण जळगाव) व पश्चिम खानदेश (मुख्य ठिकाण धुळे) अशी विभागणी झाली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये या जिल्ह्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण करण्यात आला.

सावकाराची वही : ब्रिटिश अंमलात जमीनमहसूल रोखीने व ठराविक हप्त्यांनी भरावा लागत असल्याने शेतकऱ्यास पीक हाती येण्यापूर्वीच पैशाची गरज पडू लागली. ही गरज गावातील वा जवळच्या पेठेतील सावकार भागवीत असे. सावकारांत गुजरात व मारवाडातून आलेले व्यापारी होते, तसेच स्थानिक सधन शेतकरीही होते. रोख रकमेशिवाय बियाणे व खावटीसाठी धान्य उसने दिले जाई आणि ते सुगीस सवाईने किंवा दिडीने, म्हणजे अनुक्रमे सव्वापट किंवा दीडपट परत घेतले जाई. व्यवहाराची नोंद रोजकीर्दीत व खतावणीत होई. मोठ्या रकमेसाठी खत, रोखा किंवा गहाणखत लिहून घेतले जाई.

या पद्धतीत सावकार हाच धनको व तोच नोंदकर्ता असे. ऋणको बहुधा निरक्षर असल्यामुळे वहीतील बाकी मान्य करून अंगठा उठविणे एवढाच त्याचा नोंदीशी संबंध येई. मात्र सावकारास ऋणकोची जमीन, बैल, कुटुंबातील कर्ती माणसे, पिकाची स्थिती व स्वभाव यांची जवळून माहिती असे. त्यामुळे तारणाविना कर्ज देणे त्यास शक्य होई. जमिनीचा कागद नसलेल्या माणसासही पत मिळे, हा या पद्धतीचा गुण होता. त्या पतीचा पुरावा सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती राही, हा तिचा दोष होता. व्यापारी वर्गात पतमाहितीची देवघेव अधिक समान पातळीवर चाले. हुंडी कोणाची स्वीकारावी व कोणाची नाकारावी, हे पेठेतील अबरूवर ठरे आणि एका पेठेत बुडालेल्याची वार्ता आडत्यांच्या पत्रव्यवहारातून दुसऱ्या पेठेत पोहोचे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन घटनांनी या व्यवहाराचे स्वरूप पालटले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडला होणारा तेथील कापसाचा पुरवठा खंडित होऊन हिंदी कापसाचे भाव अतोनात वाढले. याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग खानदेशातून गेल्याने जळगाव ही कापसाची मोठी पेठ म्हणून पुढे आली. भाव चढे असताना शेतकऱ्याची पत वाढली व सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्धसमाप्तीनंतर भाव कोसळले, तेव्हा कर्जे तशीच राहिली. दुसरी घटना म्हणजे १८५९ चा मुदतीचा कायदा. ऋणकोचे संरक्षण व्हावे म्हणून या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. परंतु मुदत संपण्यापूर्वी जुने खत फाडून मुद्दल व थकलेले व्याज मिळून नवे खत लिहून घेण्याचा प्रघात त्यामुळे बळावला. नव्या खतात जुन्या व्यवहाराचा मागमूस उरत नसे. मूळ कर्ज किती व व्याजाची भर किती, हे न्यायालयासही समजत नसे. कारण पुढे येणारा कागद कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असे. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियमही अशा नूतनीकरणाने निष्फळ ठरे.

कायद्याचा हस्तक्षेप : १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या व पुणे–अहमदनगर भागात पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या देहापेक्षा त्याच्या दप्तरावर अधिक होता, खते व वह्या हिसकावून जाळण्यात आल्या. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम (१८७९) संमत झाला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यातील अनेक तरतुदी खानदेशासह मुंबई इलाख्याच्या इतर भागांना लागू करण्यात आल्या.

पतमाहितीच्या इतिहासात या अधिनियमास महत्त्व आहे, ते त्यातील नोंदविषयक तरतुदींमुळे. शेतकऱ्याविरुद्धच्या दाव्यात न्यायालयाने केवळ पुढे आलेल्या खतावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा व मुद्दल आणि व्याज यांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा, असे बंधन घालण्यात आले. दिलेल्या रकमेची लेखी पावती, हिशेबाचा वार्षिक उतारा आणि खातेपुस्तिका मागण्याचा हक्क शेतकऱ्यास देण्यात आला. कर्जाचे खत ग्राम-निबंधकासमोर लिहिले जावे, अशीही तरतूद होती. स्वतःविषयीची नोंद पाहण्याचा ऋणकोचा हक्क या तरतुदींनी मान्य केला. व्यवहारात मात्र त्याचा उपयोग मर्यादित राहिला. पुढील हंगामास पुन्हा त्याच सावकाराकडे जावयाचे असल्याने उतारा मागण्याचे धाडस थोडेच करीत. तसेच कायद्यातील पळवाट म्हणून गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची प्रवृत्ती वाढली. १९०३ च्या अधिनियमाने मुंबई इलाख्यात जमिनीच्या हक्कनोंदीची पद्धत सुरू झाली व गहाणासारखे बोजे सरकारी दप्तरात नोंदले जाऊ लागले. आजच्या सात-बारा उताऱ्यातील ‘इतर हक्क’ या रकान्याचे मूळ या पद्धतीत आहे.

डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरलेले राष्ट्रीय सभेचे अधिवेशन हे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन होय. तेथे मान्य झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात ग्रामीण कर्जाचा भार हलका करण्याची मागणी समाविष्ट होती. त्यानंतर अधिकारारूढ झालेल्या प्रांतिक मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई शेतकरी ऋणको साहाय्य अधिनियम (१९३९) संमत झाला व १९४७ मध्ये त्याची जागा त्याच नावाच्या नव्या अधिनियमाने घेतली. कर्जनिवारणासाठी ऋणकोची सर्व धनकोंकडील कर्जे एकाच प्रकरणात मांडणे आवश्यक होते आणि मुदतीत न मांडलेले कर्ज नष्ट झाल्याचे समजले जाई. निरनिराळ्या वह्यांत विखुरलेली एका माणसाची कर्जे एकत्र पाहण्याची ही सार्वजनिक व्यवस्था होती. मात्र तिचा उद्देश नवे कर्ज देण्याचा नसून जुने फेडण्याचा होता.

मुंबई सावकारी अधिनियम (१९४६) याने सावकारास परवाना आवश्यक केला. रोजकीर्द व खतावणी विहित नमुन्यात ठेवणे आणि ऋणकोस हिशेबाचे विवरण देणे बंधनकारक केले. विवरण मिळाल्यावर ऋणकोने हरकत घेतली नाही, एवढ्यावरून त्याने हिशेब कबूल केला असे समजू नये, ही या अधिनियमातील तरतूद विशेष उल्लेखनीय आहे. या अधिनियमाची जागा पुढे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याने घेतली. त्याखाली देखरेखीचे अधिकार सहकार खात्याच्या निबंधकांकडे आहेत आणि अवैध सावकारीतून पंधरा वर्षांच्या आत बळकावलेली स्थावर मालमत्ता परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधकास देता येतो.

सहकारी पतपुरवठा : १९०४ च्या सहकारी पतसंस्था अधिनियमाने पतमाहितीचा वेगळा पाया घातला. किमान दहा व्यक्तींनी एकत्र येऊन संस्था स्थापावी व ग्रामीण संस्थेत सभासदांची जबाबदारी अमर्यादित असावी, असे त्याचे स्वरूप होते. एकाने बुडविलेले कर्ज इतरांवर पडणार असल्यामुळे कोणाची पत किती, याविषयी परस्परांनी दक्ष राहावे, ही त्यामागील कल्पना होय. जर्मनीतील राइफाइझेन संस्थांवरून ती घेतली होती.

प्राथमिक संस्थेत सभासदाची जमीन, गुरे, अन्य मालमत्ता व देणी यांची नोंद ज्या पुस्तकात होई, त्यास हैसियत नोंदवही असे नाव होते. सभासदास किती कर्ज द्यावे, याची मर्यादा तिच्या आधारे ठरे. स्वातंत्र्योत्तर काळात पीककर्ज पद्धती रूढ झाल्यावर जमिनीच्या तारणापेक्षा पिकाखालील क्षेत्र व त्या पिकाचा एकरी कर्जदर यांना महत्त्व आले आणि प्रत्येक सभासदाची मागणी कमाल मर्यादा पत्रकात, म्हणजेच व्यवहारातील क. म. पत्रकात, मांडली जाऊ लागली. हे पत्रक संस्थेकडून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेकडे मंजुरीसाठी जाते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये सभासदाने करून दिलेल्या इकरारामुळे त्याच्या जमिनीवर संस्थेचा बोजा निर्माण होतो व त्याची नोंद सात-बारावर घेतली जाते. अन्य बँकेकडे कर्ज मागताना संस्थेचा बेबाकी दाखला जोडावा लागतो. हैसियत नोंदवही, क. म. पत्रक, सात-बारावरील बोजा व बेबाकी दाखला मिळून खानदेशातील शेतकऱ्याचा एक प्रकारचा पतअहवालच तयार होत असे. तो ज्यांच्या हातून तयार होई ते गटसचिव, तलाठी व बँक निरीक्षक गावात माहीत असत. चूक झाल्यास कोणाकडे जावे, हे ऋणकोस कळत असे. गटातटांच्या राजकारणामुळे चूक हेतुतः होण्याचा संभवही तेवढाच असे.

या व्यवस्थेचा प्रत्यक्ष पसारा दीर्घकाळ लहान होता. रिझर्व्ह बँकेने १९५१–५२ मध्ये केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत ७५ जिल्ह्यांतील ६०० खेडी निवडण्यात आली. त्या जिल्ह्यांत पश्चिम खानदेशाचा समावेश होता. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३·१ टक्के, शासनाचा ३·३ टक्के व व्यापारी बँकांचा ०·९ टक्का असून व्यावसायिक आणि शेतकरी सावकारांचा वाटा मिळून सु. ७० टक्के आहे, असे देशपातळीवर आढळून आले. गोरवाला समितीच्या अहवालाने (१९५४) सहकारी संस्थांत शासनाचे भागभांडवल व पतपुरवठ्याची विपणनाशी सांगड यांची शिफारस केली. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत कापसाच्या रकमेतून संस्थांची येणी वळती करून घेतली जात, हे या सांगडीचे खानदेशातील ठळक उदाहरण होय.

आदिवासी भाग : सातपुड्याच्या पायथ्याच्या शहादे, तळोदे, अक्कलकुवे या तालुक्यांत नोंदीचा अभाव हाच ऋणकोस घातक ठरला. भिल्ल व अन्य आदिवासी कुटुंबांच्या जमिनी कर्जापोटी, बहुधा तोंडी कबुलीवर वा न वाचलेल्या कागदावर, इतरांच्या ताब्यात गेल्या आणि मूळ मालक त्याच शेतात सालदार झाले. सालाच्या आरंभी घेतलेली उचल वर्षअखेर फिटली की नाही, याचा हिशेब मालकाच्याच वहीत असे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेने अंबरसिंग सुरतवंती व त्यांचे सहकारी यांच्या नेतृत्वाखाली जमिनी परत मिळविण्यासाठी व सालदारांच्या वेतनासाठी चळवळ उभी केली. महाराष्ट्र अनुसूचित जमातींच्या जमिनी प्रत्यर्पित करण्याबाबत अधिनियम, १९७४ आणि महाराष्ट्र ऋणमुक्ती अधिनियम, १९७५ यांना या असंतोषाची पार्श्वभूमी होती. दुसऱ्या अधिनियमाने लहान शेतकरी, भूमिहीन मजूर आदींची सावकारी कर्जे रद्द केली. जमीन परत मिळविण्याच्या प्रकरणांत महसुली दप्तरातील जुन्या नोंदी हाच आदिवासींचा मुख्य आधार ठरला.

पतमाहिती कंपन्यांचा उदय : धनकोंच्या वतीने पतमाहिती गोळा करणाऱ्या स्वतंत्र संस्था प्रथम पाश्चात्त्य देशांत निर्माण झाल्या. लंडनमध्ये १७७६ साली व्यापाऱ्यांनी लबाड गिऱ्हाइकांची माहिती परस्परांस कळविण्यासाठी मंडळ स्थापन केले होते. न्यूयॉर्क येथे १८४१ मध्ये लुईस टॅपन यांनी व्यापारी पतमाहिती संस्था सुरू केली व १८९९ मध्ये अटलांटा येथे रिटेल क्रेडिट कंपनी (पुढील इक्विफॅक्स) स्थापन झाली. अशा कंपन्यांच्या गुप्त नोंदींविषयी तक्रारी वाढल्यावर अमेरिकेत १९७० मध्ये न्याय्य पतअहवाल अधिनियम संमत झाला. संस्थांची वाढ आधी व त्यांवरील देखरेख नंतर, हा क्रम तेथेही दिसतो.

भारतात १९६२ मध्ये रिझर्व्ह बँक अधिनियमात स्वतंत्र प्रकरण घालून बँकांकडून पतमाहिती मागविण्याचा व ती इतर बँकांस पुरविण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेस देण्यात आला. परंतु सामान्य ऋणकोपर्यंत ती व्यवस्था पोहोचली नाही. सिद्दिकी कार्यगटाच्या १९९९ मधील शिफारशींनंतर २००० मध्ये मुंबई येथे क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड, म्हणजेच सिबिल, ही कंपनी स्थापन झाली व २००४ मध्ये तिचे वैयक्तिक कर्जांविषयीचे काम सुरू झाले. पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम २००५ मध्ये संमत होऊन १४ डिसेंबर २००६ पासून अंमलात आला. सिबिलशिवाय एक्स्पेरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क या कंपन्यांसही रिझर्व्ह बँकेने नोंदणी प्रमाणपत्रे दिली. सिबिलचे भागभांडवल पुढे ट्रान्सयुनियन या अमेरिकी कंपनीकडे गेले व २०१७ मध्ये तिचे नाव ट्रान्सयुनियन सिबिल असे झाले. बोलीभाषेत मात्र ‘सिबिल’ हा शब्द कंपनीचे नाव न राहता पतगुणांचा पर्याय बनला असून जळगाव वा शहादे येथील बँकेच्या दारात ‘सिबिल खराब आहे’ असेच ऐकू येते.

कार्यपद्धती : या अधिनियमानुसार बँका, सहकारी बँका, बँकेतर वित्तसंस्था, गृहवित्त संस्था, क्रेडिट कार्ड कंपन्या इ. ‘पतसंस्थांनी’ पतमाहिती कंपनीचे सभासद होणे आवश्यक आहे (येथे ‘पतसंस्था’ ही संज्ञा कर्ज देणारी संस्था अशा व्यापक अर्थाने घ्यावयाची असून सहकारी पतसंस्था असा तिचा अर्थ नव्हे). जानेवारी २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा सर्व संस्थांना चारही कंपन्यांचे सभासद होण्यास सांगितले. प्रत्येक संस्था आपल्या ऋणकोंची ओळख, कर्जाची रक्कम, शिल्लक, हप्ता किती दिवस थकला, तडजोड वा निर्लेखन झाले काय, जामीनदार कोण, ही माहिती ठराविक नमुन्यात कंपनीस पाठविते. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती निदान पंधरवड्यातून एकदा पाठविणे बंधनकारक करण्यात आले; तत्पूर्वी मुदत एक महिन्याची होती. कंपनी निरनिराळ्या संस्थांकडील नोंदी एकाच व्यक्तीच्या नावे जुळवून पतअहवाल तयार करते व तो मागणाऱ्या सभासद संस्थेस शुल्क घेऊन पुरविते. अहवालावरून सांख्यिकीय पद्धतीने ३०० ते ९०० या कक्षेतील पतगुण काढले जातात. परतफेडीतील नियमितता, मंजूर मर्यादेच्या तुलनेत वापरलेले कर्ज, कर्जांचे प्रकार, त्यांचे वय व अलीकडील मागण्यांची संख्या हे त्यातील मुख्य घटक होत. कर्ज द्यावे की नाही, हा निर्णय पतमाहिती कंपनीचा नसून कर्ज देणाऱ्या संस्थेचा असतो.

देखरेख : पतमाहिती कंपन्यांची नोंदणी, तपासणी, त्यांना निदेश देणे व दंड करणे हे अधिकार रिझर्व्ह बँकेकडे आहेत. माहिती अचूक व सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कंपनी व माहिती पुरविणारी संस्था या दोहोंवर आहे. अधिनियमाच्या २१ व्या कलमान्वये ऋणकोस आपल्या माहितीची प्रत मागता येते व चूक दाखविल्यास ती तीस दिवसांत दुरुस्त व्हावी, अशी तरतूद आहे. मात्र मूळ नोंद संस्थेची असल्याने तिने मान्य केल्याशिवाय कंपनीस बदल करता येत नाही आणि व्यवहारात ऋणको दोहोंच्या मध्ये अडकतो. ही अडचण दूर करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने क्रमाक्रमाने उपाय योजले : २०१७ पासून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य, १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेण्याची सोय, आणि तीस दिवसांत तक्रारीचे निवारण न झाल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई. भरपाईची ही तरतूद ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर होऊन एप्रिल २०२४ पासून लागू झाली. एकोणिसाव्या शतकातील पावती, उतारा व खातेपुस्तिका यांच्या तरतुदींशी या उपायांचे साम्य सहज लक्षात येते.

खानदेशातील प्रश्न : पतगुणांची पद्धत मूलतः मासिक उत्पन्न व मासिक हप्ता गृहीत धरून वाढली आहे. कापूस किंवा केळी पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे उत्पन्न हंगामी असून पाऊस, वादळ व बाजारभाव यांवर अवलंबून असते. बँकिंग नियमांनी हे वेगळेपण अंशतः मान्य केले आहे; अल्पमुदतीच्या पिकांचे कर्ज दोन पीक-हंगाम थकल्यानंतरच अनुत्पादक ठरते. तथापि पतअहवालात थकबाकीचे दिवस दिसतात, थकबाकीचे कारण दिसत नाही. सावकार किंवा गटसचिव यांस गारपिटीने गेलेली बाग ठाऊक असे. अहवाल वाचणाऱ्यास ती ठाऊक नसते.

दुसरा प्रश्न कर्जमाफीचा आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०१७ च्या योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतची थकीत कर्जे माफ करण्यात आली व त्यावरील कर्जांस एकरकमी तडजोडीची सवलत देण्यात आली. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत ही मर्यादा दोन लाख रुपये होती. शासनाच्या दृष्टीने अशी माफी हा दिलासा असतो. पतअहवालात मात्र तिच्या आधीची थकबाकी कायम राहते आणि तडजोडीने मिटलेले खाते पूर्ण फेडलेल्या खात्याहून वेगळे दाखविले जाते. पतमाहिती कंपन्यांनी नोंदी किमान सात वर्षे जपून ठेवावयाच्या असल्याने त्यांचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. पीककर्जासाठी पतगुणांचा आग्रह धरू नये, ही शेतकऱ्यांची मागणी त्यातूनच पुढे आली. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी असा आग्रह धरणाऱ्या बँकांविरुद्ध कारवाईचा इशारा दिला. मात्र बँकांचे नियमन रिझर्व्ह बँकेकडे असल्याने या विषयात राज्य शासनाच्या अधिकारास मर्यादा आहेत.

तिसरा प्रश्न नोंदीबाहेर राहणाऱ्यांचा आहे. २००५ च्या अधिनियमातील व्याख्येत परवानाधारक सावकार, सहकारी पतसंस्था व गावची विविध कार्यकारी सोसायटी यांचा नामनिर्देश नाही. सोसायटीमार्फत मिळणाऱ्या कर्जात शेतकरी हा सोसायटीचा ऋणको असतो. त्यामुळे वर्षानुवर्षे नियमित फेड करूनही ती पतअहवालात उमटेलच, असे नाही. २०२२ मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेल्या प्राथमिक संस्थांच्या संगणकीकरणाच्या योजनेमुळे ही उणीव कमी होण्याचा संभव आहे. सहकारी पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेऐवजी सहकार निबंधकाचे नियंत्रण असते. जळगाव जिल्ह्यात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अनेक पतसंस्था अडचणीत येऊन ठेवीदारांच्या रकमा अडकल्या, तेव्हा कर्जे कोणास व कशाच्या आधारे दिली, याची विश्वसनीय नोंद नसणे केवढे महाग पडते, याचा प्रत्यय आला. सातपुड्यातील ज्या कुटुंबांनी बँकेचे कर्ज कधीच घेतले नाही, त्यांचा तर अहवालच नसतो. पतइतिहास नाही एवढ्याच कारणाने प्रथम कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांस सुचविले आहे.

मूल्यमापन : एकत्रित पतमाहितीमुळे तारण नसलेल्या पण नियमित परतफेड करणाऱ्या ऋणकोस लाभ होतो, एकाच व्यक्तीने अनेक ठिकाणी झेपेनाशी कर्जे घेण्यास आळा बसतो आणि स्थानिक वैयक्तिक आकसापासून काही अंशी संरक्षण मिळते. सूक्ष्मवित्त संस्थांच्या कर्जांबाबत दुसरा लाभ विशेष महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या य. म. देवस्थळी यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने २०१८ मध्ये सर्व कर्जांची एकच सार्वजनिक पतनोंद असावी, अशी शिफारस केली, तिचाही रोख माहितीतील तुटकपणा दूर करण्याकडे होता. तथापि खानदेशातील अनुभव असे दर्शवितो, की ऋणकोस नोंद पाहण्याचा हक्क देणारे कायदे १८७९ पासून होत आले असले, तरी हक्क बजावण्यास लागणारी साक्षरता, सवड व निर्भयता यांच्या अभावी त्यांचा उपयोग थोड्यांनाच झाला. आजचा विनामूल्य पतअहवाल संगणकावर व बहुशः इंग्रजीत मिळतो. त्यातील चूक ओळखणे व तक्रार मांडणे हे शहादे वा यावल तालुक्यातील अल्पभूधारकास सोपे नाही. अहवाल मराठीत मिळणे, बँक-शाखेत व सोसायटीत तो समजावून सांगितला जाणे, पीक बुडाल्याची अधिकृत नोंद थकबाकीच्या नोंदीशेजारी दिसणे आणि सोसायटीकडील नियमित परतफेडीचे श्रेय सभासदास मिळणे, या गोष्टी साध्य झाल्यास पतमाहितीची नवी व्यवस्था जुन्या वहीहून खऱ्या अर्थाने वेगळी ठरेल.